चौकीत नेलं, मारलं, पैसे घेतले, सोडलं. नोंद कुठेच नाही. आता काय?

आधी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. विचारणाऱ्यांची धाकटी बहीण ट्रान्स आहे. घरात तिला अजून ‘धाकटा’च म्हणतात. परवा रात्री साडेदहाच्या सुमाराला एसटी स्टँडबाहेरून तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना पोलिसांनी जवळच्या चौकीत नेलं. तीन तास बसवून ठेवलं, केस धरून मारलं, ‘आहेस तरी कोण ते बघू’ म्हणत कपडे काढायला लावले, त्याचं मोबाइलवर शूटिंग केलं. शेवटी दोन हजार रोख आणि एक हजार शेजारच्या पानटपरीच्या क्यूआर कोडवर घेऊन सोडून दिलं. वडील म्हणतात, गप्प बसा. तुम्ही विचारताय: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तर गेलं, मग कुठल्या कायद्याने उचललं? तक्रार करावी का? केली तर सूड उगवतील का?

मी २४ वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. त्यातली बरीच वर्षं हिजडा समुदायातल्या, रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायकांच्या आणि स्टँडमागच्या बागेत पकडल्या जाणाऱ्या पोरांच्या केसेस चालवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, तुमची मुख्य अडचण कायद्याची नाही. तुमची बहीण चौकीतून बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात एकही कागद नव्हता आणि पोलिसांच्या वहीत तिच्या नावाची एकही ओळ नव्हती. अडचण ही आहे.

अटक दाखवली असती, तर कायद्याने त्यांच्यावर बरंच काही बंधनकारक होतं: अटकेचा फॉर्म भरणं, कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, डॉक्टरी तपासणी, वकिलाला भेटू देणं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं. यातलं बरंचसं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात बांधून दिलं आणि आता ते नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पण हे सगळं एकाच खुंटीला टांगलेलं आहे, ती म्हणजे अटक. अटक दाखवलीच नाही की खुंटी गेली. ‘चौकशीसाठी आणलं होतं, समज देऊन सोडलं’ एवढ्या एका वाक्यात तीन तास गायब होतात. आणि लक्षात घ्या, तिला ठाण्यात नेलं नाही, चौकीत नेलं. ठाण्यात कॅमेरे असतात, स्टेशन डायरी असते, ठाणे अंमलदार बसलेला असतो. चौकीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि आतून कडी.

म्हणून तक्रार करायची की नाही हा निर्णय आज घेऊ नका. पुरावा मात्र आजच गोळा करा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक नेमकी इथे गल्लत करतात. घरात पंधरा दिवस ‘करावी की नको’ चालतं, आणि सोळाव्या दिवशी ‘करू या’ ठरतं तेव्हा अंगावरचे वण गेलेले असतात, दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलेलं असतं.

तिला आज सरकारी दवाखान्यात न्या. केसपेपरवर ‘पडले’ असं लिहून घेऊ नका. डॉक्टर विचारतील ‘कशाने लागलं?’, तिने सरळ सांगायचं, ‘पोलिसांनी मारलं, अमुक तारखेला, अमुक वेळी.’ डॉक्टर कचरतील, दवाखान्यातल्या पोलीस चौकीला कळवायचं म्हणतील. कळवू द्या, ती रीतच आहे. फार टाळाटाळ झाली तर खासगी डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा चालते. काहीच नसण्यापेक्षा ती लाख पटीने बरी. वण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठळक दिसतात, म्हणून फोटो रोज काढा, जवळून एक आणि चेहरा दिसेल असा एक. त्या रात्रीचे कपडे धुतले नसतील तर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओलावा धरतो.

मग तिघींना वेगवेगळं बसवून आठवेल ते लिहून काढायला सांगा. कोण काय बोललं, भिंतीवर काय होतं, टेबल कुठे, पंखा चालू होता की बंद. गणवेशावर नावाची पट्टी होती का, बक्कल नंबर आठवतो का, नाहीतर निदान गाडीचा नंबर. एकीचं दुसरीला दाखवू नका. तिन्ही कागदांत बारीकसारीक फरक येणारच, येऊ द्या. तीन साक्षी शब्दाला शब्द जुळल्या की समोरचा वकील हसतो. पुढे मी ते कागद कसे वापरायचे ते ठरवीन. कदाचित वापरणारही नाही. पण माणूस उलटतपासाला उभा राहतो तेव्हा चार वर्षं उलटलेली असतात.

आता तो क्यूआर कोड. पोलिसांनी स्वतःच्या हाताने ठेवलेला हा एकमेव कागद आहे. रात्री एक वाजून काही मिनिटांनी तुमच्या बहिणीच्या खात्यातून एका पानवाल्याला हजार रुपये का गेले, याचं उत्तर त्या पानवाल्याला कधीतरी द्यावं लागेल. बँकेचं स्टेटमेंट आजच काढा. पानवाल्याशी भांडायला जाऊ नका; तो बिचारा रोज त्याच चौकीच्या सावलीत बसतो.

आणि एक अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे: अमुक रात्री अमुक वेळेतलं ठाण्याचं आणि चौकीचं सीसीटीव्ही चित्रण जतन करून ठेवावं. परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, चित्रण १८ महिने टिकेल अशी यंत्रणा ठेवायला सांगितलं. चौकीत कॅमेरा निघेल असं मला वाटत नाही. तरी अर्ज द्या, कारण ‘कॅमेरा नाही’ हे उत्तरही लेखी मिळालं तर कामाचं आहे. असाच अर्ज एसटी आगाराला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, त्यांचं चित्रण तर आठवड्याभरातही पुसलं जातं.

एवढं झालं की मग पुढचं वाचा.

कुठल्या कायद्याने उचललं? बहुधा कुठल्याच नाही. ३७७ असतानाही रोजच्या रस्त्यावरच्या छळात ते कलम क्वचितच लागायचं. ते धमकी म्हणून खिशात असायचं, विशेषतः बागेत सापडलेल्या पोरांसाठी: ‘घरी फोन लावू का?’ ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर निकालाने सज्ञानांचे संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले तेव्हा आमच्या बाररूममध्ये पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. पण रात्रीच्या गस्तीचं हत्यार दुसरंच असतं: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ११० (सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन), कलम ११२ (शांतताभंग होईल असं वर्तन), आणि दंडासाठी ११७. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ बेटावरच्या हॉटेलांवर छापे घालून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढलं, त्यातल्या अनेकांना ११० खालीच बाराशे रुपये दंड भरायला लावला होता. बंद खोली ‘सार्वजनिक ठिकाण’ कशी झाली, हा प्रश्न तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी विचारला, कारण त्या जोडप्यांत कॉलेजची मुलं होती. स्टँडवरच्या तृतीयपंथीयांना तेच कलम वर्षानुवर्षं लागतंय, तिथे कुणी विचारत नाही.

जोडीला १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा आहे. दिल्लीत तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या, पण तो निकाल दिल्लीपुरता. मंगतीला, म्हणजे पैसे मागायला निघालेल्या कुणालाही आपल्याकडे त्याची भीती घालता येते. शिवाय जमावबंदीचे आदेश. नागपुरात २०२३ मध्ये आणि पुण्यात २०२४ मध्ये पोलीस आयुक्तांनी कलम १४४ वापरून सिग्नलवर पैसे मागणाऱ्या तृतीयपंथीयांना बंदी घातली. पैसे मागताना कुणी दमदाटी केली तर त्या माणसावर खंडणीचा गुन्हा लावा, माझं काही म्हणणं नाही. पण आदेश एका अख्ख्या समाजाचं नाव घेऊन निघतो, तेव्हा रात्री गस्तीवरच्या शिपायाला तो कसा ऐकू येतो ते मला माहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग उत्तर भारतात नेमका असाच होता: बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसलेल्या, नोंदवहीत ‘षंढ’ म्हणून नाव असलेल्या माणसाला वॉरंटशिवाय पकडा. कायदा गेला, सवय इथवर चालत आली.

आता उलट बाजू. पोलिसांवर काय लागतं? इथे तुमच्या गावातला वकील चुकू शकतो, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

पहिल्यांदा सगळ्यांना आठवतो तो तृतीयपंथीयांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा, कलम १८. शारीरिक, लैंगिक, आर्थिक छळ, सगळं त्यात आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. ऐकायला बरं वाटतं. पण तीन वर्षांखालच्या शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र, न्यायालयाच्या हुकमाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. म्हणजे फक्त कलम १८ घेऊन ठाण्यात गेलात तर हातात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) पडते आणि विषय तिथेच थंड होतो. एखाद्या बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप, पोलिसाने केला तर ती जन्मठेप मरेपर्यंतची. तुमच्या बहिणीवर झाला असता तर या कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षं. पूर्वी अशा वेळी आम्ही निदान ३७७ चा जबरदस्तीचा भाग लावायचो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही आणि बलात्काराचं कलम फक्त स्त्रीबाबत आहे. ज्या ३७७ ला आम्ही तीस-तीस वर्षं शिव्या दिल्या, त्याच्या जागी पडलेल्या भोकातून आता आमचेच अशील खाली पडतात.

म्हणून माझी पद्धत अशी: कलम १८ अर्जात असावंच, पण त्याच्या पुढे दखलपात्र गुन्हे ठेवायचे. भीती घालून पैसे काढले, ती खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८. विनाकारण अडकवून ठेवलं, कलम १२७. उघड्या अंगाचं शूटिंग केलं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई. त्यात बळी स्त्री की पुरुष हा प्रश्नच येत नाही, म्हणून मला ते फार आवडतं. यातला एकजरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र होतं, आणि मग दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर नोंदवणं बंधनकारक करणारा ललिता कुमारी निकाल (२०१३) पुढे करून एफआयआर मागता येतो. स्त्रीच्या विनयभंगाची आणि वस्त्रहरणाची कलमंही मागा. ‘ही कुठे बाई आहे’ असं ऐकायला मिळेल. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क तिचा आहे असं सांगितलंय, आणि ते वाक्य अर्जातच लिहायचं.

अर्जाच्या भाषेबद्दल एक. ‘पोलिसांना तीन हजार दिले’ असं लिहू नका. दिले म्हटलं की ती लाच होते, आणि देणाराही अडकतो. जे घडलं ते लिहा: धमकावून काढून घेतले. लोक भिडेपोटी सौम्य लिहितात आणि स्वतःचीच केस बिघडवतात.

परिस्थितीनुसार काय बदलतं तेही बघा. तुमचं कुटुंब अनुसूचित जाती-जमातीतलं असेल आणि मारणारे त्या समाजातले नसतील, शिवाय जातीवरून काही बोलले असतील, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो आणि प्रकरणाचं वजनच बदलतं; अटकपूर्व जामीन सहज मिळत नाही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. तिच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र आहे का? नसलं तरी तक्रार होते, असलं तर वाद कमी. ती डेऱ्यात, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घरात राहते का? राहत असेल तर गुरूला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण उद्या रात्री अकरा वाजता तिच्या मदतीला चाळीस जणी ठाण्यासमोर उभ्या राहणार आहेत की नाही, हे गुरूच ठरवते. आणि तिच्यावर जुनी केस काही आहे का, हे मला खरं सांगा. पोलीस पहिल्यांदा तेच काढणार.

तक्रार केल्याने काय होतं, याबद्दल मी गोड बोलणार नाही. माझ्या प्रकरणांत पोलिसाला तुरुंगवास झालेला मी पाहिलेला नाही. बदली, विभागीय चौकशी, वेतनवाढ रोखणं, मानवी हक्क आयोगाकडून भरपाई, इथवर पोचतं. मग कशाला करायची? एक जुनं प्रकरण सांगते.

साखळीचोरीच्या संशयावरून पकडलेली एक तृतीयपंथी अशील रिमांडसाठी आणली होती. मॅजिस्ट्रेटनी नेहमीसारखं मान खाली घालून विचारलं, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ हा प्रश्न विचारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. १९८३ मध्ये शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून तो नियम झाला. अशील म्हणाली, ‘नाही साहेब.’ तिला मारणारा हवालदार तिच्या हातभर अंतरावर उभा होता. मी म्हटलं, ‘साहेब, तिला दोन मिनिटं बसायला सांगा.’ बाक मागेच होता. ती खाली वाकली, बाकाला हात टेकला, आणि तशीच अर्धवट उभी राहिली. साहेबांनी पहिल्यांदाच फायलीतून डोकं वर काढलं. हवालदाराला बाहेर पाठवलं, प्रश्न पुन्हा विचारला, आणि रोजनाम्यात लिहून घेतलं: ‘आरोपीस बसता येत नाही.’ हवालदाराचं पुढे फार काही झालं नाही. पण पाच वर्षांनी ती निर्दोष सुटली, त्या निकालपत्रात ती चार शब्दांची नोंद होती.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. रात्री जबाबासाठी आणलेल्या एका आदिवासी मजूर मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलीस सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले; अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, हे कारण. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल आम्हाला कॉलेजात शिकवला तेव्हा वर्गात कुणी बोललं नव्हतं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीत बाईने ‘संमती नव्हती’ म्हटलं तर न्यायालय तेच गृहीत धरील. ती मुलगी हरली, पण त्या रात्री ठाण्याबाहेर जमलेल्या लोकांनी बोभाटा केला नसता आणि फिर्याद नोंदली गेली नसती, तर बदलायला काही उरलंच नसतं.

सूड उगवतील का? उगवू शकतात. खोटी केस, तडीपारीची नोटीस, रोज रात्री हटकणं. म्हणून तक्रार स्थानिक ठाण्यात एकट्याने न्यायची नाही. अर्ज अधीक्षकांना, प्रती जिल्हाधिकाऱ्यांना, राज्य मानवी हक्क आयोगाला आणि पोलीस तक्रार प्राधिकरणाला. २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे तृतीयपंथी संरक्षण कक्ष असायला हवा; आहे का, एवढंच माहिती अधिकारात विचारा. वर चार ठिकाणी नाव गेलं की खालचा माणूस शक्यतो दुसरं सावज शोधतो. हे काही न्यायाचं लक्षण नाही, पण ते तसंच चालतं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा.

मुदतींकडे लक्ष ठेवा. मानवी हक्क आयोगाला एक वर्ष आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ बघा: कामाच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसाविरुद्ध खटला किंवा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो, नंतर सरकारच्या परवानगीने दोन वर्षांपर्यंत आणि तेही फक्त फौजदारीत. मारहाण हे ‘काम’ कसं, असा वाद आम्ही घालतो, कधी जिंकतो, कधी नाही. वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

वडिलांबद्दल. ते भित्रे नाहीत, त्यांनी जग पाहिलंय. त्यांना निर्णयात ओढू नका, फक्त एक काम द्या. अर्जावर तिचं आताचं नाव लिहा, आणि आधार कार्डावर जुनं असेल तर ‘पूर्वीचं नाव अमुक’ असं खाली. मग त्यांना म्हणा, चला माझ्याबरोबर अधीक्षक कार्यालयात. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. अकराच्या आत पोचा. दीड वाजता कारकून डबा उघडतो, मग खिडकी तीनलाच उघडते.